तात्पर्य आणि आशय

दिवाळीच्या दिवसांत घरोघरी चकलीचा सोऱ्या फिरत असतो, तेव्हा शिक्षकाच्या घरी आणखी एक वस्तू येऊन पडलेली असते. ती म्हणजे सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यात माझ्या नववीच्या वर्गाला एक प्रश्न होता : 'प्रेमचंदांच्या "ईदगाह" या कथेचे आशयसूत्र एका परिच्छेदात स्पष्ट करा.' ही हिंदी कथा मी वर्गाला मराठीतून सांगितली होती.

बहुतेक उत्तरांचे पहिले वाक्य एकच होते : 'या कथेतून आपल्याला त्यागाची शिकवण मिळते.' दुसऱ्या वाक्यात लेखकाची स्तुती आणि तिसऱ्यात 'आपणही हमीदसारखे वागले पाहिजे' असा निश्चय. मार्गदर्शकातले उत्तर मुलांनी पाठ केले होते, हे उघड होते. परंतु त्यांना दोष तरी कसा द्यावा? इसापाच्या गोष्टींपासून आपण त्यांना एकच सवय लावलेली असते. गोष्ट संपली, की विचारायचे, 'तात्पर्य काय?' तात्पर्य एका ओळीत सांगून मोकळे होता येते. आशय मात्र कथेत पुन्हा शिरून, पात्र काय बोलते, काय लपवते, हे पाहत शोधावा लागतो.

त्या गठ्ठ्यात एका मुलीने लिहिले होते, 'हमीद काही त्यागी नाही. त्याला खेळणी हवीच होती.' पुढे दोन ओळी, आणि संपले. मी तांबड्या शाईने रेघ मारली, पाचांपैकी एक गुण दिला आणि चकल्या तळायला उठले. सुट्टीनंतर ती पेपर घेऊन टेबलापाशी आली. "बाई, माझं चुकलं कुठे?" एवढेच तिने विचारले. मला पटकन उत्तर देता येईना. म्हणून त्या रात्री मी कथाच पुन्हा उघडली.

'ईदगाह' ही १९३३ साली प्रसिद्ध झालेली कथा. चार-पाच वर्षांचा पोरका हमीद गावातल्या मुलांबरोबर ईदेच्या जत्रेला शहरात जातो. महमूद शिपाई घेतो, मोहसिन भिश्ती घेतो, नूरे वकील घेतो. हमीदजवळ तीनच पैसे. भाकरी तव्यावरून काढताना आजीची बोटे भाजतात, म्हणून तो त्या तीन पैशांचा चिमटा आणतो. एवढे सर्वांच्या लक्षात राहते. परंतु मधल्या गोष्टी आपण विसरतो. खेळण्यांच्या दुकानापुढे हमीद आशाळभूत नजरेने उभा असतो, आणि तोंडाने मात्र 'मातीची तर आहेत, पडली की फुटतील' म्हणून त्यांना नावे ठेवतो. मोहसिन रेवडी देऊ करतो आणि हमीदने हात पुढे करताच स्वतःच्या तोंडात टाकतो, तो अपमानही हमीद गिळतो. पुढे चिमट्याची बढाई मारून तो साऱ्यांना वादात हरवतो. मग त्यांचे पडलेले चेहरे पाहून स्वतःच समजूत घालतो, की मी चिडवत होतो, खेळण्यांची सर चिमट्याला कुठून येणार?

मुलगी खरे बोलत होती. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते. पात्राला ज्याची ओढच नाही, ते त्याने सोडले तर वाचकाला काहीच वाटत नाही, हे लिहिताना मला ठाऊक असते. तपासताना मी ते विसरले होते.

तरी तिच्या उत्तरात एक उणीव होती. तिने विधान केले होते, पण आधार दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर तीनच प्रश्न लिहिले : 'तुला काय वाटते? कशावरून वाटते? मग त्याचा अर्थ काय?' आणि सांगितले, की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कथेतूनच आले पाहिजे, मार्गदर्शकातून नव्हे. त्या मुलीने पुन्हा लिहून आणले ते असे :

'हमीदला खेळण्यांचा मोह आहे. दुकानापुढे तो ती बघतच राहतो, पण तोंडाने त्यांना नावे ठेवतो. जे घेता येत नाही त्याला नावे ठेवणे, ही गरीब मुलाची अब्रू राखायची रीत आहे. म्हणून चिमटा घेताना तो स्वतःचा मोह बाजूला ठेवतो, आणि म्हणूनच ती खरेदी मोठी वाटते.'

चार वाक्ये, त्यांत एकही विशेषण लेखकाच्या स्तुतीचे नाही. मग वर्गच पुढे सरकला. एका मुलाने पैशांचा हिशेब काढला. आजी अमीनाला शिवणाचे आठ आणे मिळाले होते. गवळणीचे देणे देऊन दोन आणे उरले. आण्याचे चार पैसे, म्हणजे घरात सारे मिळून आठ पैसे. त्यांतले तीन तिने नातवाला दिले. "म्हणजे तिने आधी दिले, मग त्याने," तो मुलगा म्हणाला. शेवटी अमीना पोराला रागावते आणि मग लहान मुलीसारखी रडते, तेव्हा तो मात्र म्हाताऱ्या माणसासारखा समोर उभा असतो. दारिद्र्य पोराला अकाली मोठे करते, हे या कथेचे सूत्र असावे, असे आम्ही त्या दिवशी ठरवले. कोणाला दुसरे वाटत असेल तर त्याने आधार द्यावा, असेही ठरले.

त्या मुलीचे गुण मी वाढवून दिले. पण तिने पेपर दप्तरात कोंबून गप्प बसायचे ठरवले असते, तर ती पुढच्या खेपेला 'त्यागाची शिकवण' लिहून मोकळी झाली असती, आणि मी तिला चार गुण दिले असते. या विचाराने अजून अंग शहारते.

हा अंक आपल्या घरात मुलेही वाचतील. फराळाच्या ताटाशी बसून त्यांना एखाद्या कथेबद्दल विचारायचे झाले, तर 'यातून काय शिकलास?' असे विचारू नका. 'तुला असे कशावरून वाटले?' एवढेच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत लाडू हातातच धरून थोडे थांबा.