अर्ध्या पेनीचे रसग्रहण

संपादकांचे पत्र आले, "यंदा एखाद्या ग्रंथावर टीकालेख द्या." ग्रंथांवर लिहिणारी विद्वान मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला चित्रकलेचा मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून काही माणूस टीकाकार होत नाही. तेव्हा मी उलट टपाली कळवले, की माझ्यापाशी टीका करण्याजोगा एकच विषय आहे आणि तो अंगठ्याच्या नखाएवढा आहे. त्यांनी होकार दिला. त्यांचा हा उदारपणा वाचकांना जाचू नये, एवढीच इच्छा.

मी मध्ययुगीन इंग्लंडची चांदीची नाणी जमवतो. 'जमवतो' हा शब्दही जरा मोठाच झाला. पंधरा वर्षांत अकरा नाणी. तीसुद्धा माझ्या घरी नाहीत. ती लंडनला ताईच्या कपाटात, चिवड्याच्या एका जुन्या डब्यात आहेत. त्या देशाच्या जमिनीतून निघालेली जुनी वस्तू बाहेर न्यायची तर सरकारी परवाना लागतो, आणि परवाना या शब्दाचा मला शाळेच्या नोकरीत पुरेसा अनुभव आहे. पहिले नाणे दाजींनी गंमत म्हणून हातावर ठेवले होते. तिथून हे वेड लागले. दोन-तीन वर्षांनी एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई तिकीट काढून बोलावते, तेव्हा तो डबा उघडतो. यंदा गेलो तेव्हा ब्लूम्सबरी भागातल्या एका हॉटेलात नाण्यांचे प्रदर्शन भरले होते. म्हणायचे प्रदर्शन, खरा तो बाजारच. ओळीने टेबले, प्रत्येक टेबलावर वाकड्या मानेचा दिवा, काचेखाली मखमलीचे ट्रे, आणि डोळ्याला भिंग लावून वाकलेली वयस्कर मंडळी. आपल्याकडे आंब्याच्या पेटीभोवती लोक जसे देठ हुंगत उभे असतात, अगदी तद्वत.

नाण्याची पारख करताना ही मंडळी ज्या भाषेत बोलतात ती आम्हा मास्तरांच्या ओळखीची आहे. नाण्याला श्रेणी देतात : फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन. अमेरिकेतून आलेली पद्धत तर साक्षात गुणपत्रिकाच. नाणे प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करायचे आणि वर चिठ्ठी लावायची, सत्तरपैकी त्रेसष्ट. माझी तक्रार गुण देण्याबद्दल नाही. मी स्वतः दरवर्षी देतो. तक्रार अशी, की डबीतले नाणे तळहातावर घेता येत नाही, तोलता येत नाही, आणि त्याच्या किनारीवरून बोट फिरवता येत नाही. मध्ययुगातले इंग्रजी नाणे ज्याला वाचायचे आहे त्याला किनार नाही मिळाली, तर पुस्तकाची फक्त वेष्टणे पाहून परीक्षण लिहिण्यासारखे आहे. (तसेही लिहिणारे आहेत. असो.)

मी गेलो होतो पहिल्या एडवर्डची पेनी घ्यायला. १२७९ साली या राजाने नाणी नव्याने पाडली, आणि तेव्हापासून पेनीवर एक देखणा चेहरा आला : मुकुट, दोन्ही बाजूंना लाटांसारखे केस, किंचित हसरे ओठ. विक्रेत्यांच्या याद्यांत त्यापुढे 'उत्तम मुखचित्र' असे लिहिलेले असते आणि त्या दोन शब्दांचे वेगळे पैसे पडतात. मी भिंग लावून एका टेबलावर ओळीने सहा पेन्या पाहिल्या. रेषा सुरेख होती, यात वाद नाही. पण १२७९ मध्ये एडवर्ड चाळिशीचा होता, माझ्याच वयाचा म्हणा ना. १३०७ मध्ये वारला तेव्हा अडुसष्ट वर्षांचा. या अठ्ठावीस वर्षांत नाण्यावरच्या राजाला ना एक सुरकुती पडली, ना त्याची एक बट विरळ झाली. पुढे मुलगा गादीवर आला, नातू आला, तरी चेहरा तोच. याला मुखचित्र कसे म्हणावे? हा तर छाप आहे. आमच्या वर्गात 'राजा काढा' म्हटले की चाळीस मुले एकच मिशी काढतात, तशातला प्रकार. मुखचित्राचे पैसे द्यायचे माझ्या जिवावर आले.

मग मी त्याआधीच्या नाण्यांकडे वळलो. तिथे सौंदर्य जवळजवळ नाहीच. दुसऱ्या हेन्रीने ११८० मध्ये सुरू केलेली ही पेनी. एका बाजूला समोर बघणारे, बटाट्यावर डोळे काढल्यासारखे तोंड आणि 'हेन्रिकस रेक्स' ही अक्षरे. दुसऱ्या बाजूला मधोमध आखूड क्रूस, आणि त्याभोवती नाणे पाडणाऱ्या अधिकाऱ्याचे व गावाचे नाव. हेन्री ११८९ मध्ये गेला. त्याच्यामागून रिचर्ड आला, जॉन आला. पण नाण्यावरचे 'हेन्रिकस' कुणी बदलले नाही. सिंहहृदयी म्हणून ज्याचा एवढा गाजावाजा, त्या रिचर्डच्या नावाची एकही पेनी इंग्लंडात निघाली नाही. १२१६ मध्ये जॉनचा मुलगा, तिसरा हेन्री, गादीवर आला तेव्हा योगायोगाने नाव पुन्हा खरे ठरले. पण राजा होता नऊ वर्षांचा, आणि नाण्यावरच्या राजाला दाढी!

आपल्याला याचे फार नवल वाटू नये. 'श्री राजा शिव' ही अक्षरे मिरवणारी तांब्याची शिवराई महाराजांच्या पश्चात पेशवाईअखेरपर्यंत पडतच होती. चाललेले नाव बदलू नये, लोकांचा विश्वास नावावर असतो, हे टाकसाळीला कळते. आज नाण्यांचे अभ्यासक डाव्या-उजव्या बाजूच्या बटा मोजून आणि अक्षरांची वळणे न्याहाळून ठरवतात, की हा 'हेन्री' म्हणजे खरोखर हेन्री, की रिचर्ड, की जॉन. टीकेचा एवढा चोख नमुना मी साहित्यातही क्वचितच पाहिला आहे. लेखकाच्या नावावर विसंबायचे नाही, लेखनाकडे पाहायचे.

बरे, राजाचे नाव खोटे. मग मागच्या बाजूचे तरी खरे का? ते खरे, पण ते कलावंताचे नव्हे. तो टाकसाळीचा जबाबदार माणूस. नाव घालण्यात गौरव नव्हता, जामीन होता. पहिल्या हेन्रीने ११२४ च्या नाताळात देशभरचे असे अधिकारी विंचेस्टरला बोलावून घेतले, आणि हिणकस नाण्यांबद्दल त्यांचे उजवे हात तोडवले. उजव्या हातावर पोट असलेल्या माणसाला ही हकिकत वाचताना बरे वाटत नाही. आम्ही लेखक मुखपृष्ठावर नाव ठसठशीत छापून घेतो, आणि आतला माल हिणकस निघाला तर फार तर एखादे वाईट परीक्षण येते.

ज्याने पोलादी छापावर उलटे तोंड आणि उलटी अक्षरे कोरली, त्या कारागिराचे नाव मात्र नाण्याच्या कुठल्याच बाजूला नाही. आदल्याच दिवशी, त्या हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, ब्रिटिश म्युझियममध्ये मी ऑफा राजाचा सोन्याचा दिनार पाहिला होता. आठव्या शतकातला मर्सियाचा हा राजा. त्याच्या कारागिरापुढे बगदादच्या खलिफाचा, हिजरी १५७ सालचा दिनार नमुना म्हणून होता. त्या गड्याला अरबी एक अक्षर येत नसावे, कारण त्याने कलमा बऱ्यापैकी उतरवला, आणि मध्ये 'ऑफा रेक्स' ही अक्षरे अरबीच्या मानाने उलटी बसवली! ते पाहून मला हसू आले आणि लगेच ओशाळल्यासारखेही झाले. न कळणारी ओळ एवढ्या निष्ठेने कोरणाऱ्या त्या हाताला नाव नाही, राजाला आहे.

ओशाळण्याचे कारण घरचे होते. माझ्या दुसऱ्या कादंबरीचे मुखपृष्ठ माझ्या एका विद्यार्थ्याने काढले होते. दहावीतला मुलगा, तीन रात्री जागून पाण्यातली होडी काढली. पुस्तक आले, आणि आत त्याचे नाव घालायचे राहून गेले. प्रकाशकाकडे बोट दाखवता येईल, पण मुद्रिते मीच तपासली होती. मुलगा काही बोलला नाही. मीच म्हणालो, "पुढच्या आवृत्तीत घालू." पुढची आवृत्ती निघाली नाही.

मनात हे घोळत असतानाच एका म्हाताऱ्या विक्रेत्याने माझ्यापुढे एक पेनी ठेवली. लांब क्रूसाची, १२४७ नंतरची. किनारीची चांदी कातरून चोरणारे फार झाले, तेव्हा क्रूसाचे हात काठापर्यंत नेले, म्हणजे कातरलेले नाणे लगेच ओळखू यावे. तरी कातरणारे थांबले नव्हतेच. या नाण्याचे एका बाजूचे अर्धे शब्द गेले होते. "थोडी कातरलेली आहे, म्हणून स्वस्त," तो म्हणाला. मी किनारीवरून बोट फिरवले आणि ते नाणे हातात जड झाले. याच गुन्ह्याच्या आरोपावरून नोव्हेंबर १२७८ मध्ये इंग्लंडातल्या ज्यूंना घराघरांतून पकडून नेले, आणि पुढल्या वर्षात एकट्या लंडनमध्ये अडीचशेहून अधिक ज्यूंना फाशी दिले. कातरत ख्रिस्तीही होते. त्यांतले बरेच दंड भरून सुटले. १२९० मध्ये उरलेल्या ज्यूंना देशाबाहेर काढले. ज्या १२७९ सालच्या हसऱ्या चेहऱ्याचे एवढे कौतुक, तो या फाशांच्या वर्षीचा आहे. यादीत हे लिहीत नाहीत. त्यांच्या हिशेबी कातरलेली म्हणजे दोष, आणि दोष म्हणजे स्वस्त. मी ती पेनी परत ठेवली. ती घेण्याचे धैर्य झाले नाही, हे कबूल करतो.

त्याच ट्रेच्या कोपऱ्यात अर्धा तुकडा पडला होता. आपण रुपया 'मोडतो', 'मोड' मागतो. या लोकांनी पेनी अक्षरशः मोडली. अर्धी हवी तर क्रूसाच्या रेषेवरून दोन तुकडे, पाव हवी तर चार. पुष्कळदा टाकसाळीतच कापून देत. १२७९-८० मध्ये गोल अर्धी-पाव नाणी नेमाने निघू लागेपर्यंत गरिबाचा बाजार या तुकड्यांवर चाले. माझ्या तुकड्यावर आखूड क्रूस. कापणाऱ्याने मागचा क्रूस पाहून कापले. पुढे राजाचे तोंड आहे याची पर्वा केली नाही. त्यामुळे काप राजाच्या नाकावरून तिरपा गेला आहे. एक डोळा आणि दोन बटा उरल्या. मागे एवढीच अक्षरे : ई, आर, मग ओ, एन, मग एल. त्यांच्या आधीचे अक्षर कापात गेले. एल म्हणजे लंडन. 'एर' म्हणजे इल्गर, किंवा वॉल्टर. लंडनच्या पेन्यांवर दोघांचीही नावे येतात.

"दोघांपैकी कोण?" मी विचारले.

म्हातारा हसला. "उरलेला अर्धा मिळाला की मला कळवा."

श्रेणी नाही, मुखचित्र नाही, वजन निम्मे. पंचवीस पौंड दिले आणि एडवर्डसाठी ठेवलेले उरलेले पैसे तसेच परत आणले.

ताईने तो तुकडा दिव्याखाली धरला. "अरे, एवढ्या लांब येऊन मोडकं नाणं घेतलंस? लक्ष्मीपूजनात ठेवायचं म्हटलं तर बंदा रुपया लागतो." भाच्याने विचारले, "मामा, ह्या अर्ध्याचं तेव्हा काय यायचं?" मला नेमके सांगता आले नाही. पाव-बिव काहीतरी, म्हणालो.

डब्यात ठेवण्याआधी प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर पेन्सिलीने नाव लिहायची माझी पद्धत आहे. अकरा पाकिटांवर राजांची नावे आहेत. बाराव्यावर लिहिले, 'इल्गर किंवा वॉल्टर, लंडन', आणि त्याखाली, कोरणाऱ्यासाठी, एक ओळ रिकामी सोडली. मग ताईकडून आणखी एक पाकीट मागून घेतले आणि त्या विद्यार्थ्याला पत्र लिहायला बसलो. तो आता नाशिकला असतो, एवढेच ठाऊक होते. पत्ता मिळवायला भाच्याला तासभर लागला.