नोटेवरचा फुजी

२०२४ साली फुजीवरचा पहिला बर्फ ७ नोव्हेंबरला नोंदला गेला. १८९४ पासूनच्या नोंदींत इतका उशीर कधीच झाला नव्हता, म्हणून जगभर बातम्या आल्या. माझे लक्ष मात्र एका बारक्या तपशिलाने वेधून घेतले. ही नोंद डोंगरावर जाऊन होत नाही. चाळीसेक किलोमीटरवरच्या कोफू शहरातील हवामान कार्यालयातून पांढरे शिखर डोळ्यांनी दिसावे लागते. शिझुओकाच्या बाजूने बर्फ ६ तारखेलाच दिसला होता. पण कोफूवर ढग होते. म्हणजे कुठून पाहिले यावर बर्फाची तारीख ठरली. फुजीच्या फोटोंविषयी मला जे म्हणायचे आहे ते याच्याशीच संबंधित आहे.

माझ्या टेबलाच्या काचेखाली हजार येनची एक जुनी नोट आहे, एका स्नेह्याने आणून दिलेली. तिच्या पाठीवर मोतोसु सरोवर, पलीकडे हिमाच्छादित फुजी, पाण्यात त्याचे उलटे रूप आणि कडेला चेरीचा फुलोरा. हे चित्र ओकादा कोयो (१८९५-१९७२) यांच्या १९३५ मधल्या फोटोवरून काढलेले आहे. फोटोचे नाव ‘कोहान नो हारु’, सरोवरकाठचा वसंत. १९८४ मध्ये तो पाच हजार येनच्या नोटेवर आला आणि २००४ मध्ये हजाराच्या.

हा फोटो मी बरीच वर्षे निर्दोष मानत होतो. त्यामागचे कसब कमी नाही. कॅमेऱ्यासमोर बर्फ आला की नवशिक्या हमखास फसतो: प्रकाशमापक त्या पांढऱ्याला करडे समजतो आणि शिखर राखेसारखे उतरते, उलट जास्त प्रकाश घेतला तर बर्फावरच्या घड्या पुसल्या जाऊन कापसाचा गोळा उरतो. त्यात मध्ये पंधरा-वीस किलोमीटर हवा. तिच्यात ओलावा असेल तर डोंगर आकाशातच विरघळतो. आणि प्रतिबिंबासाठी पाण्यावर वाऱ्याची झुळूकही चालत नाही. हे सगळे एका क्षणी जुळण्याची वाट पाहत ताटकळणे हीच ओकादांची तपश्चर्या. आयुष्यभर त्यांनी दुसरे फारसे काही केले नाही.

मग एकदा नकाशा उघडून त्यांची उभे राहण्याची जागा शोधली आणि माझे मत डळमळले. मोतोसु फुजीच्या वायव्येला आहे. १७०७ साली फुजीचा शेवटचा उद्रेक झाला. त्याने फोडलेले होएई विवर आहे आग्नेय उतारावर, म्हणजे बरोबर पाठीमागे. नोटेवरून ते कधीच दिसणार नाही. समोरचे शांत पाणीही तितके शांत नाही. ८६४ च्या उद्रेकात लाव्हा इथवर वाहत आला, शेजारचे एक मोठे सरोवर त्याने भरून काढले आणि त्याचे जे तुकडे उरले तीच आजची साइको आणि शोजी ही सरोवरे. मोतोसुतही तो शिरला. ज्वालामुखीनेच घडवलेल्या सरोवराच्या फोटोत ज्वालामुखी मात्र नाही! अंतर आणि बर्फ यांनी मिळून तो झाकला. काळी-तांबडी खडी, चढणीच्या नागमोडी वाटा, यात्रेकरूंच्या झोपड्या, सगळे गुळगुळीत.

दुरून काढलेल्या कुठल्याही फोटोत हे होणारच, त्याचा दोष मी ओकादांना देत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या चित्रात माणूस नाही. ते पाहणाराही कुठे उभा आहे हे कळत नाही. अशा निर्मनुष्य, निष्कलंक फुजीचा त्या काळात सत्तेला उपयोग होता. चित्रकार योकोयामा ताइकान यांनी १९४० मध्ये समुद्राची दहा आणि फुजीची दहा चित्रे विकून ते पैसे सैन्याच्या विमानांसाठी दिले. ओकादांना मी त्या रांगेत बसवत नाही. पण माणूस वगळलेला डोंगर कुणाच्याही झेंड्यावर सहज चढतो, इतके म्हणावेच लागते.

हे दाझाई ओसामू यांना त्याच काळात कळले होते. ‘फुगाकु ह्याक्केई’ (१९३९) या लेखनात ते आधी कोन मोजतात: हिरोशिगे यांच्या चित्रात शिखराचा कोन ८५ अंश, बुन्चो यांच्या चित्रात ८४, आणि मोजणीत मात्र १२४ आणि ११७. म्हणजे खरा फुजी चांगलाच पसरट. मिसाका घाटातून दिसणारा प्रसिद्ध देखावा त्यांना न्हाणीघराच्या भिंतीवर रंगवल्यासारखा वाटतो, त्याची लाज वाटते. शेवटी टोकियोहून आलेल्या दोन मुली त्यांच्या हातात कॅमेरा देतात, फुजीसह आमचा फोटो काढा म्हणतात. दाझाई मुलींना चौकटीबाहेर ठेवून नुसता फुजी टिपतात. यात खोडकरपणा आहे हे खरे, पण टीकाही आहे असे मी मानतो. फुजीचा ‘चांगला’ फोटो कसा तयार होतो ते त्यांनी करूनच दाखवले. त्या मुलींना घरी गेल्यावर काय मिळाले असेल?

आता २०२४ कडे येऊ. फुजीकावागुचिको गावात एका किराणा दुकानाच्या छपरावर डोंगर बसल्यासारखा दिसतो. तो फोटो काढायला पर्यटकांची झुंबड उडाली. लोक रस्ता कसाही ओलांडू लागले, कचरा पडू लागला. वैतागून गावाने मे महिन्यात अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी लावली. वादळाच्या धास्तीने ती ऑगस्टमध्ये उतरवली. गावकऱ्यांचा त्रास खरा होता, त्यात शंका नाही. पण रसिकांनी त्या फोटोंना जी नाके मुरडली ती मला पटली नाहीत. फोटो काढणारा कुठे उभा आहे हे त्या दुकानाच्या पाटीमुळे तरी समजते. डोंगर कुणाच्या तरी रोजच्या रस्त्यापलीकडे आहे हे समजते. होकुसाई यांनी हेच केले होते. त्यांच्या फुजीच्या अलीकडे लाकूड कापणारे, पिंप ठोकणारे लोक कामात गढलेले असतात, डोंगराकडे बघायला त्यांना फुरसत नसते.

त्याच वर्षी, ३ जुलैला, हजार येनची नवी नोट निघाली. ओकादांचे सरोवर गेले, तिथे होकुसाई यांची लाट आली. त्या लाटेखाली फुजी इतका लहान आहे की पहिल्या नजरेत तोही लाटच वाटतो, आणि होड्यांमध्ये वाकून बसलेले नावाडी आहेत. ती नोट अजून माझ्या हाती आलेली नाही. आली की भिंग घेऊन आधी नावाडी मोजायचे आहेत.