दुसऱ्याची गाडी

गाडी असणारा माणूस आणि गाडी बघणारा माणूस या दोन निराळ्या तऱ्हा आहेत. पहिल्याला हप्ता, विमा आणि पार्किंग असतं. दुसऱ्याला फक्त डोळे असतात. मी जन्माने आणि पगाराने दुसऱ्या गटातला. तेव्हा त्या गटावर टीका करायचा अधिकार मला आहे, असं समजायला हरकत नाही.

हल्ली या बघण्याला ‘कार स्पॉटिंग’ म्हणतात. मुंबई-पुण्याची एरवी सूर्यवंशी असलेली पोरं रविवारी पहाटे उठून त्यासाठी रस्त्याकडेला उभी राहतात. आमच्या तामलवाडीला एवढा त्रास नाही. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचा टोलनाका जवळच. गाडी कितीही मोठ्या घरची असो, तिथे तिला दबकावंच लागतं.

या रसिकांचं दैवत जपानी. स्कायलाइन, सुप्रा, जीटीआर ही नावं पोरं पाढ्यासारखी म्हणतात आणि पाठोपाठ अश्वशक्ती सांगतात. माझा पहिला आक्षेप या आकड्यांवर. जपानी कारखानदारांनी १९८९च्या सुमारास आपसांत ठरवलं होतं, की २८०च्या वर अश्वशक्ती जाहीर करायची नाही. हा समझोता २००४पर्यंत चालला. त्यामुळे स्कायलाइन जीटीआर कागदावर २८० आणि रस्त्यावर त्याहून जास्त! प्राप्तिकराचं विवरणपत्र आणि प्रत्यक्षातला बंगला यांत जे अंतर असतं, तेच हे. बँकेत आयुष्य काढणाऱ्याने तरी कागदावरच्या आकड्याला भुलू नये.

दुसरा आक्षेप किमतीवर. निसानची जीटीआर २०१६ साली भारतात आली, किंमत १ कोटी ९९ लाख. पोरं हा आकडा असा सांगतात, जणू चेक त्यांनीच फाडला. अहो, मी रोज दुसऱ्याच्या नोटा मोजतो; मोजल्याने त्या आपल्या होत नाहीत आणि जास्त सुंदरही दिसत नाहीत. सांगण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. २०२५मध्ये बंद झालेल्या त्या गाडीचं प्रत्येक इंजिन एकच कारागीर हाताने जुळवायचा, आणि त्याच्या नावाची पट्टी इंजिनावर लागायची. रोज शेकडो व्हाउचरांवर सह्या ठोकणाऱ्या मला हेवा वाटला तो त्या पट्टीचा, गाडीचा नव्हे.

तिसरा आक्षेप असा, की नजर कोटीवर लागली की लाखातली गाडी दिसत नाही. होंडा सिटीचं २०००च्या सुमाराचं १.५ व्हीटेक घ्या. अश्वशक्ती १०६, चेहरा शाळामास्तरांचा. नाक्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे ती गपचूप उभी असते. दांडा वर गेला, की इंजिन चढत जातं, झडपा जास्त उघडतात आणि गवई तारसप्तकात शिरावा तसा आवाजाचा पोत बदलतो. टपरीवाला किटली धरून मान वळवतो. आणि शेजारचा रसिक मला सांगतो, “काका, जुनी सिटी आहे ती. तिचा कोण फोटो काढतंय!”

गाडी आपली नाही, होणारही नाही. मग बघणाऱ्याची मिळकत एवढीच, की चांगलं काय ते त्याला स्वतःच्या कानाडोळ्यांनी ओळखता यावं. तेही आकडा बघूनच ठरवायचं असेल, तर त्याने उन्हात नाक्यावर उभं राहू नये. सरळ बँकेत यावं. आकडे भरपूर आहेत, वर पंखा आहे आणि बसायला बाकही आहे.