कोळी, माशी आणि बोध

इंग्रजी बालसाहित्याच्या वाटचालीविषयी बोलताना अभ्यासक बहुधा एकच सूत्र हाती धरतात : आधी उपदेश, नंतर आनंद. ढोबळमानाने ते खरे आहे. जेम्स जेनवे या धर्मोपदेशकाच्या १६७१ च्या पुस्तकात पुण्यशील बालकांच्या मृत्यूच्या हकिकती होत्या आणि त्या मुलांनीच वाचाव्यात अशी अपेक्षा होती!

१७४४ साली लंडनच्या जॉन न्यूबेरीने मुलांसाठी छोटेखानी, देखणे पुस्तक काढले आणि तेथून आनंदाचे युग सुरू झाले, असे म्हटले जाते. आम्हांला ते पटत नाही. या पुस्तकासोबत मुलाला चेंडू आणि मुलीला टाचण्या खोचण्याची गादी मिळे. दोहोंची एक बाजू लाल, दुसरी काळी. चांगले वागले की लाल बाजूला टाचणी, वाईट वागले की काळ्या. दहाही टाचण्या लाल बाजूला आल्या तर एक पेनी, काळ्या बाजूला आल्या तर छडी! खेळणे दिले खरे, पण हिशेबाच्या वहीसकट.

वही फाडली ती लुईस कॅरोलने. १८४६ मध्ये एडवर्ड लिअरची गमतीची कवने आली होती. पण कॅरोलने १८६५ च्या 'अ‍ॅलिस'मध्ये थेट उपदेशालाच हात घातला. आयझॅक वॉट्सची उद्योगी मधमाशीची कविता (१७१५) इंग्रज मुलांकडून पाठ करून घेतली जाई. कॅरोलने मधमाशीच्या जागी लबाड मगर आणून बसवली. मेरी हॉविटच्या कोळी-माशीच्या कवितेची (१८२९) चालही त्याने उचलली आणि सागरी प्राण्यांच्या नाचाला लावली. घोकंपट्टीने पिडलेल्या मुलाच्या बाजूने एक मोठा माणूस हसत होता.

हॉविटची ही कविता उर्दू वाचकाला परकी नाही. इक्बालांची 'एक मकडा और मक्खी' ती हीच. 'बांगे दरा' (१९२४) या संग्रहाच्या १९०५ पर्यंतच्या भागात ती आहे आणि शीर्षकाखाली 'माखूज', म्हणजे दुसरीकडून घेतलेली, अशी प्रामाणिक नोंदही आहे. म्हणजे कॅरोलने जिची थट्टा केली, ती इक्बालांनी त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत गांभीर्याने उर्दूत आणली. यावरून कुणी म्हणेल, इंग्रजांनी टाकलेला शिळा उपदेश आपण उचलला.

दोन्ही कविता शेजारी ठेवून वाचाव्यात. हॉविटबाई शेवटी कथा थांबवतात, लहान मुलांना उद्देशून बोलतात आणि खुशामतीपासून सावध राहायला सांगतात. इक्बालांनी ते कडवे घेतलेलेच नाही. त्यांची कविता भुकेला कोळी घरबसल्या माशी फस्त करतो तेथेच संपते. खुशामतीने शेकडो कामे होतात, हे तत्त्वज्ञान मात्र कवितेत आहे. पण ते कवीच्या तोंडी नाही. माशी बधत नाही असे पाहून कोळी मनाशी तसा विचार करतो! शिकवण शिकाऱ्याच्या मनात ठेवणे ही साधी उसनवारी नव्हे. कॅरोलच्या विडंबनाहून वेगळ्या वाटेने इक्बालांनी मुलाच्या अकलेवर विश्वास टाकला आहे.

आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गांत हीच कविता शिकवून झाली की ठरलेला प्रश्न येतो : या नज्ममधून काय बोध मिळतो? मुले एका ओळीत उत्तर लिहितात आणि इक्बालांनी गाळलेले कडवे आम्ही शिक्षक त्यांच्या वहीत पुन्हा लिहवून घेतो.