शुद्ध बुद्धीची साक्ष कोण देणार?

‘गीतारहस्या’ची माझी प्रत रद्दीच्या दुकानातली आहे. तत्त्वज्ञान मी कॉलेजात शिकलो नाही. जे काही कळले त्याची सुरुवात या ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणापासून झाली. ‘आधिभौतिक सुखवाद’ हे ते प्रकरण. गीतेसाठी ग्रंथ उघडणारे बरेच जण ते चाळून पुढे जातात. मी तिथेच अडकलो, आणि त्याला कारण एक ट्राम.

उदाहरण टिळकांनी पॉल केरस यांच्या पुस्तकातून घेतले आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्राम सुरू करायची होती. मंजुरी लांबत होती. व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, काम लवकर झाले, लोकांची सोय झाली. पुढे लाच उघडकीस आली आणि त्याला शिक्षा झाली. पुष्कळांचे पुष्कळ सुख हेच नीतीचे माप असेल, तर या गृहस्थाचे चुकले कुठे?

मला हे पान निवांतपणे वाचता येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाच्या वाढीव खोलीचा नकाशा एका कार्यालयात पडून होता. समितीने ‘चहापाणी’ दिले. होकार देणाऱ्यांत मीही होतो. आज त्या खोलीत पोरे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात.

मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११च्या हिवाळ्यात, टिळकांनी हा वाद एकहाती लढवला. आधिभौतिक, आधिदैविक, आध्यात्मिक ही विभागणी कोंटच्या धर्तीवरची, हे ते स्वतःच सांगतात. मिल आणि सिज्विक यांना ते टाळत नाहीत, त्यांची बाजू आधी नीट मांडतात. सदसद्विवेक ही निराळी देवता नसून बुद्धीचाच व्यापार आहे, हे त्यांचे म्हणणे मला आजही बिनतोड वाटते. मग नीतीचा उगम कुठे? टिळकांचे उत्तर: कर्त्याच्या बुद्धीत. बाह्य फळ नव्हे, सर्वांभूती सम झालेली बुद्धी हीच कसोटी.

इथे माझे पाऊल अडते. आमच्या समितीत कोणाचाही खिसा भरला नाही. प्रत्येकाची बुद्धी, त्याच्या मते, शुद्धच होती. टिळक म्हणतील, तुम्ही स्थितप्रज्ञ नव्हता. कबूल. पण आपली बुद्धी सम झाली की नाही, हे ठरवणार कोण? कर्ताच ना? सुखवादात निदान दुःख भोगणाऱ्याची नोंद तरी होते.

आगरकरांचा विचार मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनावर पोसलेला. १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढलेला हा मित्र १८९५ साली गेला. ‘गीतारहस्य’ छापून आले १९१५ साली. सुखवादावरचा तो सगळा हल्ला मला कधीकधी गेलेल्या मित्राशी राहून गेलेल्या भांडणासारखा वाटतो. हा माझा तर्क, पुरावा नाही.

त्या भांडणाची खरी जागा १८९१चा संमतिवयाचा कायदा. वय दहावरून बारा करायचे होते. फुलमणी दासी ही कलकत्त्याची बालवधू नवऱ्याच्या संभोगाने मेली होती. आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरोधात. टिळकांना बालविवाह प्रिय होता असे नाही. मुलींची लग्ने सोळाव्या वर्षाआधी करणार नाही असे सुधारकांनी स्वतःवर बंधन घालून घ्यावे, असे त्यांनीच सुचवले होते. परक्या सरकारचा कायदा मात्र नको. १८९१च्या भूमिकेवरून १९१५चा ग्रंथ तोलणे अन्यायाचे होईल, हे मान्य. तरी खटकते ते हे की दोन्हीकडे निर्णय कर्त्याच्याच हाती राहतो. बंधन घ्यायचे की नाही हे बाप ठरवणार. मुलगी कुठेच बोलत नाही.

गंमत म्हणजे तिसरे उत्तर तेव्हा मराठीत आलेले होते. जोतीरावांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ त्यांच्या पश्चात १८९१ सालीच प्रसिद्ध झाला. निर्मिकाने स्त्री-पुरुषांना सारखे हक्क दिले. ते हिरावणे हीच अनीती. निर्मिक मानावा की नाही हा वाद बाजूला ठेवू. मला महत्त्वाची वाटते ती प्रश्नाची दिशा: करणाऱ्याच्या मनात काय होते याआधी, कोणाचे काय हिरावले गेले? टिळकांच्या एवढ्या विस्तृत चर्चेत स्पेन्सरला जागा मिळते. पुण्यातच राहून गेलेल्या या माणसाशी मात्र असा वाद होत नाही.

आमचा नकाशा गठ्ठ्यात वर आला तेव्हा कोणाचे कागद खाली गेले, हे समितीत कोणी विचारले नव्हते. मीही नाही.