काठीची व्याख्या

सोलापुरात सण, मोर्चा किंवा निवडणूक जवळ आली की स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी हमखास दिसते : शहरात शस्त्रबंदी व जमावबंदी लागू. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्तांनी काढलेला आदेश. वाचक मथळा पाहून राशिभविष्याकडे वळतात. मला मात्र त्या अंकातला सर्वांत घोटून लिहिलेला मजकूर हाच वाटतो. कायद्याचा मसुदा हाही एक वाङ्मयप्रकार आहे, आणि आपल्याकडच्या मसुदाकारांनी ज्या वस्तूवर सर्वांत जास्त कसब खर्च केले ती बंदूक नव्हे, काठी आहे. बंदुकीची व्याख्या करणे सोपे. काठीची करून पाहा.

कलम ३७ चे पहिले पोटकलम म्हणजे एक लांबलचक यादी. १९५१ साली, मुंबई राज्य असताना लिहिलेली. तिची सुरुवात हातातल्या वस्तूंनी होते : शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या. क्रम नीट पाहा. सोटा तलवारीच्या आधी आला आहे आणि दंडुका बंदुकीच्या आधी. जास्त घातक ते वर, कमी घातक ते खाली, अशी उतरंड रचण्याचा मोह कोणालाही झाला असता. तशी रचली असती तर शेवटी आलेली लाठी आपोआप क्षुल्लक ठरली असती आणि वकिलांना युक्तिवादाला जागा मिळाली असती. मसुदाकाराने सगळ्यांना एका पंक्तीला बसवले, आणि वर शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू असे जोडून पंक्तीचे दार उघडे ठेवले. नऊ नावांत लाकडे आणि लोखंडे बिनबोभाट सामावली.

पुढे दाहक पदार्थ आणि स्फोटके येतात, मग दगड. येथे लेखणी अधिक बारीक झाली आहे. दगड फेकणे हा गुन्हा दुसरीकडे आहेच. येथे मनाई आहे ती दगड जवळ बाळगण्याला, गोळा करण्याला आणि तयार करण्याला, शिवाय ते भिरकावण्याच्या साधनालाही. म्हणजे मंगळवेढ्याच्या रानात माळ्यावरून ज्वारीवरची पाखरे हाकणारी गोफण अशा आदेशाच्या हद्दीत आली की तिचे स्वरूप पालटते. त्यानंतर माणसांचे, प्रेतांचे किंवा पुतळ्यांचे प्रदर्शन, जाहीर घोषणा, गाणी, वाद्ये, आणि शेवटच्या खंडात हावभाव, सोंगे, चित्रे व फलक. हातात धरलेल्या वस्तूपासून निघालेली ही यादी गळ्यातून निघणाऱ्या आवाजापर्यंत जाते आणि पुढे रिकाम्या हाताच्या हालचालीपर्यंतही पोहोचते. लोकशाहीच्या दृष्टीने हा टप्पा मला खुपतो. सत्तेला हाताची नुसती हालचालही नोंदवून ठेवावीशी वाटते, हे काही भूषण नाही. पण जमाव कसा पेटतो याचे निरीक्षण म्हणून पाहिले तर इतकी नेमकी चढण एखाद्या कादंबरीकारालाही साधली असती का, याची शंका आहे.

दुसरे पोटकलम छोटे आणि थंड डोक्याचे. मनाई मोडून कोणी काठी बाळगली तर पोलिसाने ती काढून घ्यावी, आणि काढून घेतलेली वस्तू राज्य शासनाकडे जप्त होईल. शिक्षेसाठी कलम १३५ वेगळे आहे : एक वर्षापर्यंत कैद, आणि लेखी कारणे नोंदवल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी नाही. तिसऱ्या पोटकलमात सभा-मिरवणुकीवरची बंदी राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे नेता येत नाही असा लगाम आहे. सोलापूरकरांना दर पंधरवड्याला तोच आदेश नव्या तारखेने वाचायला मिळतो तो या लगामामुळे. आदेशाचा कंटाळा येण्याइतका तो वारंवार काढावा लागणे, ही मला या कलमातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

आता हीच काठी केंद्राच्या कायद्यात कशी उभी आहे ते पाहू. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यात बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण आणि तोफा यांची नावे होती. लाठीचे नाव ना आत होते ना बाहेर. १९५९ च्या कायद्याने पहिल्यांदा तिचे नाव घेतले, तेही वगळण्यासाठी. हल्ल्यासाठी वा बचावासाठी बनवलेली किंवा तशी बदलून घेतलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र, असा ऐसपैस आरंभ करून ते वाक्य एकदम वळते आणि केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी घडवलेल्या वस्तू बाहेर काढते. उदाहरणे दोन, लाठी आणि साधी चालायची काठी.

या अर्ध्या ओळीत किती काम झाले आहे! ‘केवळ’ हा शब्द फार कडक आहे. लाठी केवळ घरगुती कामाची असते असे शपथेवर कोण सांगेल? गुरे वळायची, साप मारायचा, रात्री बांधावरून जायचे, आणि वेळ आली तर भाऊबंदकीही निभवायची. पुराव्यावर सोडले असते तर प्रत्येक लाठीचा खटला झाला असता. मसुदाकाराने तिला उदाहरण म्हणूनच बसवले, त्यामुळे सिद्ध करायचे काही उरलेच नाही. दुसरी खुबी आणखी गोड आहे. ‘साधी’ हे विशेषण चालायच्या काठीला लागले आहे, लाठीला नाही. कारण चालायच्या काठीच्या पोटात पाते दडवता येते. तिला गुप्ती म्हणतात आणि शस्त्र नियमांच्या यादीत ती तलवारीच्या सोबतीला आहे. लाठी बिचारी आरपार लाकूड. तिच्याकडे लपवण्यासारखे काही नसते, म्हणून तिला चारित्र्याचा दाखला मागितलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये छत्तीसगडच्या जुगुत राम प्रकरणात या ओळीला जणू साठ वर्षांनी दाद दिली. लाठीच्या फटक्याने मृत्यू झाला होता. न्यायालय म्हणाले, लाठी ही या देशातल्या खेडुताच्या ओळखीशी जोडलेली रोजची वस्तू आहे. तिने मारता येते एवढ्यावरून ती मुळातच मारण्याचे हत्यार ठरत नाही. खुनाची शिक्षा सदोष मनुष्यवधावर आली. सांगोल्याच्या माळावर खांद्यावर घोंगडे टाकून, काठीवर रेलून मेंढरांकडे पाहत उभा असलेला धनगर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या वाक्याचे वजन कळेल.

शस्त्र कायदा इतका मायाळू, तर करखाते कसे? येथे रसिकाला खरी मेजवानी आहे. वस्तूंना क्रमांक देणारी जी जागतिक पद्धत आपल्या सीमाशुल्काने आणि पुढे जीएसटीने स्वीकारली, तिच्यात ६६ वे प्रकरण छत्र्या आणि चालायच्या काठ्यांचे. त्याच्या डोक्यावर एक टीप आहे. मोजमापाच्या खुणा असलेली काठी या प्रकरणात नाही, ती मापनयंत्रांत. गुप्ती आणि टोकाला वजन भरलेली काठी येथे नाही, ती ९३ व्या प्रकरणात, शस्त्रांत. खेळण्यातली छत्री खेळण्यांत. दारावर बसून एकेकाला न्याहाळत योग्य खोलीत पाठवणारा असा चोखंदळ द्वारपाल मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि ९३ व्या प्रकरणात ९३०४ क्रमांकाखाली ‘इतर शस्त्रे’ म्हणून हवेच्या आणि स्प्रिंगच्या बंदुकांच्या शेजारी कोण बसले आहे? दंडुका! जीएसटी १८ टक्के. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ४०. आजोबांची काठी त्याआधीच, २०१९ मध्ये, १२ वरून ५ वर उतरली होती. एकाच लाकडाचे दर त्याच्या हेतूनुसार ठरवणारी ही नजर शस्त्र कायद्याच्या नजरेची सख्खी बहीण आहे, फक्त दंडुक्याच्या बाबतीत बहिणींचे पटत नाही.

अमेरिकेत हाच पेच उलट्या दिशेने सुटू पाहतो आहे. तिथल्या १९६८ च्या कायद्यात स्फोटाच्या जोराने काही बाहेर फेकणारी वस्तू म्हणजे बंदूक. मग पोलिसांचे विजेचा झटका देणारे उपकरण दारूच्या ठिणगीने आपले टोचे सोडू लागले तर तेही बंदूक ठरते, आणि बंदुकीवरचा १० वा ११ टक्के अबकारी करही त्याच्यामागे येतो. त्यावर तोडगा म्हणून तिथल्या काँग्रेसपुढे आलेल्या विधेयकात मोजपट्टी लावली आहे : सेकंदाला ५०० फुटांहून जास्त वेगाने मारा न करणारे, जीव घेण्यासाठी न बनवलेले उपकरण बंदुकीच्या व्याख्येतून आणि करातून बाहेर. नीटनेटके आहे. पण आकड्यात एक कोरडेपणा असतो. ४९९ आणि ५०१ यांच्यात माणूस कुठेच दिसत नाही. ‘साधी चालायची काठी’ या तीन शब्दांत तो दिसतो.

पोलिसांच्या हातातल्या लाठीबद्दल कायदा काय म्हणतो? जवळजवळ काहीच नाही, आणि हे मौनही वाचण्याजोगे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८, म्हणजे जुने १२९, जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यायला सांगते आणि मग बळाचा वापर करू देते. साधनाचे नाव नाही. पुढच्या कलमात सैन्यदलाला उद्देशून मात्र बळ शक्य तितके थोडे आणि इजा शक्य तितकी थोडी, असा दुहेरी लगाम आहे. पोलिसांच्या कलमातही तो असायला हवा होता असे मला राहून राहून वाटते. सोरेगावच्या राज्य राखीव दलाच्या जवानाकडे आज लाठी, वेताची ढाल, अश्रुधुराच्या नळकांड्या अशा पायऱ्या असतात. नळकांड्यांसाठी सीमा सुरक्षा दलाचा टेकनपूरचा कारखाना १९७६ पासून चालू आहे. ८ मे १९३० ला, गांधीजींच्या अटकेनंतर रस्त्यावर उतरलेल्या सोलापूरसमोर या मधल्या पायऱ्या नव्हत्या. गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले, आणि १२ मेपासून ३० जूनपर्यंत शहर मार्शल लॉखाली राहिले. त्या दिवसांतल्या फर्मानांनी काँग्रेसचा झेंडा आणि गांधी टोपी यांनाच गुन्हा ठरवले. काठी कोणती आणि कशासाठी, हे विचारण्याची गरज त्यांना भासली नाही. तिला कोणते कापड बांधले आहे एवढेच पाहिले. विशेषणे न वापरणारा मसुदा कसा असतो हे पाहायचे असेल तर तो नमुना सोलापूरच्या इतिहासात आहे.

म्हणून मी आजच्या आदेशाचा शेवट आवर्जून वाचतो. तिथे सहसा अपवाद असतात : कर्तव्यासाठी शस्त्र बाळगावे लागणारे शासकीय सेवक, आधारासाठी काठी घेणारे वृद्ध व अपंग, लग्नाच्या वराती, अंत्ययात्रा, धार्मिक विधी. शिपायाची लाठी आणि म्हाताऱ्याची काठी एकाच परिच्छेदात एकमेकींशेजारी सुटतात. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सात नंदीध्वज कमरेला पेलून अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा गावातल्या सर्वांत उंच काठ्या भर रस्त्यावरून, पोलिसांच्याच बंदोबस्तात जात असतात.

एक गाठ मात्र सुटायची आहे. आता पोलिसांकडे वेळूऐवजी पॉलिकार्बोनेटची लाठी येऊ लागली आहे. भरीव वेळूची लाठी शेतकऱ्याच्या घरातून आलेली होती, म्हणून १९५९ च्या व्याख्येबाहेर होती. ही नवी लाठी कोणत्याही शेतात कधी गेलेली नाही. ती घडवलीच आहे जमावासाठी. माझ्या वाचनाप्रमाणे ती व्याख्येच्या आत येते. शिपायाला त्याचा त्रास नाही, कारण शस्त्र कायद्याचे कलम ४५ सरकारी कामावरच्या सेवकाला कायद्यातूनच सूट देते. पण उद्या तीच वस्तू एखाद्या खासगी सुरक्षारक्षकाच्या कमरेला दिसली, तर तिला लाठी म्हणायचे की ९३०४, हे कोणत्या तरी न्यायाधीशाला त्या ‘केवळ’ शब्दापाशी थांबून ठरवावे लागेल.