दऱ्या, दर्या आणि जीटीकेची बांधणी

दिवाळी अंकाच्या शेवटच्या प्रुफांवर एका ज्येष्ठ लेखकांनी लाल पेनाने दोनच अक्षरांभोवती गोल केले होते, ल आणि श. समासात लिहिलं होतं, 'हे हिंदीतले आहेत.' पानं मी गंगापूर रोडवरच्या घरी, लिनक्सच्या लॅपटॉपवर लावली होती. फॉंट चांगला होता. त्यात पाकळीचा ल होता, देठाचा श होता. पण पडद्यावर येत होते ते दुसरेच.

मला वाटलं, जुन्या आवृत्तीचा दोष असणार. ज्या प्रोग्रॅममध्ये मी काम करतो तो जीटीकेवर उभा आहे. जीटीके म्हणजे टूलकिट: खिडक्या, बटणं, मेनू, मजकुराच्या चौकटी यांचं तयार सामान. तेव्हा सोर्समधून नवं जीटीके बांधायचं ठरवलं. त्याच्या मार्गदर्शिकेत बांधणीचं एक छोटं प्रकरण आहे. दोन रात्रींत मी ते तीनदा वाचलं. कथा-कादंबरी आपण जशी वाचतो तसंच हेही वाचता येतं, असं तिसऱ्या वेळी लक्षात आलं.

प्रकरणाची सुरुवातच मला आवडली. बऱ्याच सिस्टिमांवर जीटीके तयार मिळतं, असं ते आधीच सांगून टाकतं. म्हणजे तुम्हाला इथे यायची गरज नसेलही. पाककृतीच्या पुस्तकाने पहिल्या पानावर 'कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं' असं म्हणावं, तसा हा प्रामाणिकपणा आहे. पुढची भाषा कोरडी आहे, पण उगाच लांबण नाही. आधी मेसन, मग कंपाइल, मग इन्स्टॉल. त्यानंतर अवलंबनांची यादी येते: जीलिब, पॅंगो, ग्राफीन, जीडीके-पिक्सबफ. प्रत्येकाला दोन-तीन वाक्यं. नाटकाच्या पुस्तकात सुरुवातीला पात्रपरिचय असतो, तसं.

खरं नाटक यादीच्या बाहेर घडतं. अक्षरांचे आकार वाचणाऱ्या फ्रीटाइपला हार्फबझ हवं असतं आणि हार्फबझला फ्रीटाइप. दोघंही हवी असतील तर फ्रीटाइप एकदा हार्फबझशिवाय बांधायचं, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप. लग्न झाल्याशिवाय घर मिळत नाही आणि घर असल्याशिवाय लग्न जमत नाही, हे आपल्याकडच्या कुणालाही कळेल. मेसन हल्ली नसलेला बराचसा भाग स्वतःच उतरवून घेतं, त्यामुळे ही कसरत क्वचितच दिसते.

पॅंगोपाशी मी थांबलो. हे नाव ग्रीक 'पॅन', म्हणजे सगळं, आणि जपानी 'गो', म्हणजे भाषा, यांतून केलेलं आहे. १९९०च्या दशकात जीटीके जन्माला आलं ते गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमसाठी, आणि तेव्हाच्या मजकुराच्या चौकटीत जोडाक्षरांचा विचारच नव्हता. २००२ साली जीटीके २ पॅंगोसकट आलं आणि देवनागरी त्याच्या पोटात शिरली. हार्फबझ हे नावही 'ओपनटाइप'चंच फारसी रूप आहे, हर्फ म्हणजे अक्षर. इतक्या भाषांना सामावून घेणारी नावं, आणि प्रकरणात पॅंगोची ओळख काय? आंतरराष्ट्रीय मजकूर हाताळणारी लायब्ररी. फ्रेंच वाचकाला एवढं पुरेसं आहे. मला नव्हतं.

पहाटे दोनच्या सुमाराला इन्स्टॉल पूर्ण झालं. डेमोची खिडकी उघडली, बटणं चमकली. प्रकरणाच्या हिशेबाने मी यशस्वी झालो होतो. मजकुराच्या चौकटीत मी 'दर्या' आणि 'दऱ्या' लिहिलं. सागर आणि डोंगरांमधल्या खिंडी, दोन्ही नीट वेगळे दिसले. खाली 'शाल' लिहिलं. श हिंदी, ल हिंदी.

फरक कशाने पडला ते कळायला आणखी एक दिवस गेला. 'दऱ्या'तला र युनिकोडमध्येच वेगळा लिहिता येतो, त्यामुळे तिथे कुणाला काही ओळखावं लागत नाही. ल आणि श यांना मात्र मराठी-हिंदीत एकेकच संकेतांक आहे. कुठलं रूप काढायचं हे भाषा कळल्यावर फॉंट ठरवतो. माझा लॅपटॉप इंग्रजीत. इंग्रजी सिस्टिमवर देवनागरी अक्षरं दिसली आणि कुणी काही सांगितलं नाही, तर पॅंगो ती हिंदी धरतं. प्रत्येक लिपीमागे एक नमुना-भाषा नेमलेली आहे आणि देवनागरीमागे हिंदी आहे. २००९ साली महाराष्ट्र शासनाने ल आणि श यांची मराठी रूपं नेमून दिली, ती या तक्त्यापर्यंत पोचायचं काही कारणही नव्हतं.

यात कुणाचा द्वेष नाही. अंदाज करायचाच तर बहुसंख्यांच्या बाजूने करायचा, हे प्रोग्रॅमरला साहजिक वाटणार. माझी तक्रार अंदाजाबद्दल नाही, तो न सांगण्याबद्दल आहे. उपाय एका ओळीचा आहे: 'पॅंगो लँग्वेज' नावाच्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये 'एमआर' ही मराठीची खूण घालायची. ही ओळ बांधणीच्या प्रकरणात नाही. पॅंगोच्या वेगळ्या संदर्भग्रंथात, एका फंक्शनच्या वर्णनात, ती सापडते. कुठल्या फोल्डरात काय बसवायचं हे सांगणाऱ्या लेखकाला, बसवल्यानंतर वाचणारा कोण असेल हा प्रश्न पडलेला नाही. खिडकी उघडली की त्याच्यासाठी गोष्ट संपते.

आमच्या नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा छापतात. नोटेच्या मागे पंधरा भाषांची एक पट्टी असते. मराठी तिथे आहे, बारीक आहे, पण कुणी तिला हिंदी समजत नाही. 'सगळ्या भाषा' असं नाव घेणाऱ्या लायब्ररीकडून त्या पट्टीइतकीच अपेक्षा होती.

जीटीकेच्या खिडक्यांतली बटणं, मेनू यांचे शब्द मराठीत आणायचं काम पुण्या-मुंबईकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं केलेलं आहे, आणि 'रद्द करा' वाचताना त्यांचे आभार मानावेत. पण संगणक मराठीत करून ते वाचणारे माझ्या ओळखीत फार थोडे. आपण इंग्रजी मेनू ठेवतो आणि मजकूर मराठी लिहितो. पॅंगोचा अंदाज नेमका याच माणसावर उलटतो. त्यामुळे दोष सगळा मार्गदर्शिकेचा असं मला म्हणता येत नाही. पंधरा वर्षं मीही मेनू इंग्रजीतच ठेवला आहे, आणि अजून बदललेला नाही.

नवं जीटीके ऑप्टमधल्या फोल्डरात तसंच पडून आहे. काढायचा कंटाळा. ती एक ओळ जुन्या आवृत्तीवरही चालली, म्हणजे दोन रात्रींची बांधणी लागतच नव्हती. लेखकांना नवी प्रुफं पाठवली. या वेळी त्यांनी एक वेलांटी दुरुस्त करून दिली. ती चूक माझी होती.